लहान व्यापारी आणि त्याचे संकेतस्थळ : साधनांची निवड कशी करावी

या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा काही बोधपर लिहावे असा विचार प्रथम मनात आला. परंतु बोध पुष्कळ लिहिला जातो आणि थोडा आचरला जातो. त्यापेक्षा आपल्या चिकोडी-निपाणी भागातील लहान दुकानदार, कारागीर आणि घरी बसून मसाले, लोणची, पापड करणाऱ्या भगिनी यांना उद्या सकाळी उपयोगी पडेल असे काही सांगावे, असे वाटले. म्हणून हा विषय घेतला आहे.

मी जन्मभर विद्यार्थ्यांना जमाखर्च शिकवला. संगणकाचे ज्ञान मला निवृत्तीनंतर झाले, आणि तेही हौसेने नव्हे, अडचणीतून झाले. ती अडचण प्रथम सांगतो, कारण पुढचा सगळा पाठ तिच्यातूनच निघाला आहे.

माझ्या धाकट्या बंधूंचे चपलांचे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका हुशार मुलाने त्यांना संकेतस्थळ तयार करून दिले. स्थळ चांगले झाले. पुण्याहून, बेंगळुरूहून मागणी येऊ लागली. बंधूंनी उत्साहाने दोन हजार खोकी छापून घेतली आणि प्रत्येक खोक्यावर त्या स्थळाचा पत्ता घातला. पुढे त्या मुलाला दूरगावी नोकरी लागली, त्याचा फोन नंबर बदलला. पत्त्याचे नाव त्याच्याच नावाने नोंदलेले होते. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ई-मेलवर जात राहिल्या. ऐन दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून सांगितले, "दादा, तुमचे स्थळ उघडले की भलतीच जाहिरात दिसते." मुदत संपली होती आणि ते नाव तिसऱ्याच कोणीतरी घेतले होते. आधीच्या तीन वर्षांच्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्या स्थळातच होते. तेही गेले.

त्या दिवाळीत वहिनी आणि मुले रोज रात्री जेवणानंतर बसून खोक्यांवर पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवत होती. त्या मुलाने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण तसे त्याने केले नाही. आम्ही दुकान उघडले, पण किल्ली कोणाकडे आहे हे विचारलेच नाही. चूक आमची होती.

यावरून मी जे शिकलो ते एका वाक्यात असे : नाव आणि गिऱ्हाइकांची यादी आपल्या मालकीची असावी, बाकी सर्व साधने भाड्याची चालतील, परंतु भाड्याची जागा सोडून जाण्याचा दरवाजा उघडा आहे ना, हे आत शिरण्यापूर्वी पाहावे. हे सूत्र ध्यानात ठेवून आता एकेक साधन पाहू.

१. आधी गरज, मग साधन

आपण भांडे घ्यायला जातो तेव्हा घरात माणसे किती हे आधी पाहतो. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र दुकानदार आधी साधन घेतो आणि मग त्याचे काय करायचे याचा विचार करतो. कागद घेऊन तीन गोष्टी लिहाव्यात. महिन्याला किती मागण्या येतील असे खरोखर वाटते? माल पाठवण्याजोगा आहे, की गिऱ्हाइकाने दुकानातच यावे लागते? आणि रोज अर्धा तास या कामाला घरातले कोण देणार?

समजा, एखाद्या तयार सेवेचे भाडे महिना दोन हजार रुपये आहे, आणि आपल्याला एका जोडामागे दीडशे रुपये सुटतात. तर महिन्याला चौदा जोड विकल्यावर भाड्याची भरपाई होते, आणि कमाई पंधराव्या जोडापासून सुरू होते. महिन्याला दहाच जोड जाणार असतील तर ती सेवा कितीही सुंदर असली तरी आपल्यासाठी नव्हे. अशा दुकानाला चार पानांचे साधे स्थळ पुरते : आम्ही कोण, आमचा माल कोणता, भाव काय, मागणी कशी नोंदवावी. सलूनवाला, शिंपी, खानावळ, सायकल दुरुस्तीचे दुकान यांना तर विक्रीची यंत्रणा मुळीच नको. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करणे विनामूल्य आहे. वेळ, फोन आणि छायाचित्रे बरोबर ठेवली तरी अशा धंद्याचे निम्मे काम होते.

२. नाव, म्हणजे दुकानाची पाटी

सन १९७२ मध्ये श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून आपल्या देशात सहा आकडी पिन क्रमांक सुरू झाला. चिकोडी म्हणजे ५९१२०१ आणि निपाणी म्हणजे ५९१२३७, हे पाकिटावर लिहिले की पत्र चुकत नाही. संगणकाच्या जगातही प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून सन १९८३ मध्ये नावांची पद्धत निघाली. या नावाला डोमेन नाव म्हणतात. ते विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. वर्षावर्षाने किंवा एकदम दहा वर्षांपर्यंत त्याची नोंदणी करता येते.

आपल्या देशाच्या 'डॉट इन' नावांची व्यवस्था निक्सी या संस्थेकडे आहे. सन २००५ पासून ही नावे सर्वांना खुली झाली. सन २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतील 'डॉट भारत' सुरू झाले, आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. म्हणजे दुकानाची पाटी मराठीत असते तसा स्थळाचा पत्ताही मराठीत घेता येतो. मात्र टंकलेखनाच्या सोयीसाठी इंग्रजी अक्षरांचे नाव मुख्य ठेवावे आणि देवनागरी नाव त्याच स्थळाकडे वळवून द्यावे, हे व्यवहाराला बरे.

नाव घेताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

नोंदणीधारक म्हणून दुकानाच्या मालकाचे नाव, मालकाचा ई-मेल आणि मालकाचाच मोबाइल द्यावा. काम करून देणारा कितीही जवळचा असो, या तीन जागी त्याचे नाव नको. ओटीपी आपल्या फोनवर आला पाहिजे.

पहिल्या वर्षाचा भाव पाहून भुलू नये. पुष्कळ ठिकाणी पहिले वर्ष शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या चौपट-पाचपट मागतात. नूतनीकरणाचा भाव काय, हे आधी विचारावे आणि तोच खरा भाव समजावा.

मुदत संपल्यावर काही दिवस सवलतीचे असतात. त्यानंतर मोठा आकार भरून नाव सोडवण्याचा काळ असतो. तोही टळला की नाव सर्वांना मोकळे होते. आमचे गेले ते असेच गेले. आपल्या व्यापारी नावाचा कोणी दुष्टपणे वापर केला, तर 'डॉट इन' नावांसाठी लवादाची सोय आहे. पण तेथे खर्च होतो आणि पुरावा लागतो. त्यापेक्षा वेळेवर भरणा करणे स्वस्त. याच नावांच्या मुदतीचे निमित्त करून खोटी बिले पाठवणारेही असतात. म्हणून बिलातील दुव्यावर बोट न ठेवता आपल्या मूळ खात्यात स्वतः जाऊन मुदत पाहावी.

३. जागा आणि इमारत

नाव ही पाटी झाली. पाटी लावायला भिंत हवी, म्हणजेच संकेतस्थळ ठेवायला जागा आणि त्यावर इमारत हवी. येथे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग फुकटच्या जागेचा. गूगलने दुकानदारांना अशी विनामूल्य छोटी स्थळे दिली होती. सन २०२४ च्या मार्चमध्ये ती बंद झाली. काही काळ जुना पत्ता दुकानाच्या गूगलवरील नोंदीकडे वळवला जात होता, जूनमध्ये तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता पावतीपुस्तकावर आणि गाडीवर रंगवून घेतला होता, त्यांची गत आमच्या खोक्यांसारखीच झाली असणार. फुकटाची जागा वापरू नये असे मी म्हणत नाही. व्हॉट्सॲपची व्यापारी आवृत्ती सन २०१८ पासून आहे, मालाची यादीही तीत लावता येते, आणि लहान धंद्याला ती फार उपयोगी आहे. परंतु ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडली, हे विसरू नये. फुकटच्या ओट्यावर माल मांडावा, पण दुकान तेवढेच नसावे.

दुसरा मार्ग तयार गाळा भाड्याने घेण्याचा. कॅनडातील शॉपिफाय, आपल्याकडील झोहो कॉमर्स अशा सेवांत मालाची यादी, टोपली, बिल, पैसे हे सारे तयार मिळते. दुरुस्तीची, पहाऱ्याची चिंता त्यांची. ज्याला संगणकाचे ज्ञान नाही आणि ज्याच्या मागण्या नियमित आहेत, त्याला हा मार्ग चांगला. दोष असा की भाडे दरमहा चालू राहते आणि इमारत उचलून नेता येत नाही.

तिसरा मार्ग आपली इमारत बांधण्याचा. सन २००३ मध्ये निघालेली वर्डप्रेस ही प्रणाली सर्वांना मोकळी आहे. तिच्यावर वूकॉमर्स जोडले की विक्रीचे दुकान उभे राहते. साधनाला दाम नाही, पण जागेचे भाडे, जाणकाराची मजुरी आणि वेळोवेळी सुधारित आवृत्ती चढवण्याचे काम आपल्याला करावे लागते. तसे केले नाही तर चोर आत शिरतो. ही इमारत मात्र एका जागेवरून दुसरीकडे नेता येते.

कोणता मार्ग बरा? ज्याच्या घरात या कामाचा जाणता माणूस कायम आहे, त्याने तिसरा घ्यावा. ज्याच्या घरात तो नाही, त्याने पहिल्या किंवा दुसऱ्या मार्गाने जावे. जाणता माणूस सुट्टीपुरता येत असेल तर तो घरात नाही असेच समजावे.

मार्ग कोणताही असो, पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा : "मी उद्या सोडून गेलो तर मालाची यादी, गिऱ्हाइकांची यादी आणि जुन्या मागण्या मला साध्या सीएसव्ही फाइलमध्ये मिळतील का?" सरळ होकार आला तर पुढे जावे. उत्तरात आढेवेढे असतील तर तो गाळा घेऊ नये. आणखी एक. पत्त्याच्या आधी बंद कुलुपाचे चिन्ह येण्यासाठी जे प्रमाणपत्र लागते ते आज विनामूल्य मिळते. त्यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर कारण विचारावे.

४. पैशाचा व्यवहार

सन २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि आपल्या बाजारातील भाजीवालीपर्यंत पोहोचले. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या देण्यावर व्यापाऱ्याकडून टक्केवारी घेऊ नये असे सरकारचे धोरण आहे. लहान धंद्याला म्हणून सर्वांत स्वस्त मार्ग हाच, की मागणी फोनवर घ्यावी, क्यूआर पाठवावा, रक्कम बँकेत जमा झाल्याचे स्वतः पाहावे आणि मग माल बांधावा. समोरच्याने पाठवलेल्या चित्रावर विश्वासू नये. पैसे घेताना पिन कधीही टाकावा लागत नाही, हे दुकानातल्या पोरालाही सांगून ठेवावे.

मागण्या वाढल्या की पैसे घेणारी मध्यस्थ सेवा लागते. ती कार्ड, बँक, यूपीआय सर्व स्वीकारते आणि हिशेब तयार देते. तिचा आकार सामान्यतः शेकडा दोनच्या आसपास असतो आणि त्या आकारावर शेकडा अठरा जीएसटी लागतो. पंधराशे रुपयांच्या जोडावर आकार तीस रुपये, कर पाच रुपये चाळीस पैसे, म्हणजे एकूण पस्तीस रुपये चाळीस पैसे. ही रक्कम दिसायला लहान. पण दीडशेच्या नफ्यातून ती गेली तर नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. म्हणून ती भाव ठरवतानाच धरावी. मध्यस्थ संस्था यूपीआयवर आपल्या सेवेचा निराळा आकार लावते का, गिऱ्हाइकाला पैसे परत केले तर आकार परत मिळतो का, आणि रक्कम आपल्या बँकेत किती दिवसांनी येते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

५. माल घरपोच करणे

चपलेचा जोड वजनाला सहा-सातशे ग्रॅम भरतो. पण कुरियरवाले पुष्कळदा वजनाऐवजी खोक्याचा आकार मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला साधारणपणे पाच हजारांनी भागतात. तीस, पंधरा आणि दहा सेंटिमीटरचे खोके असेल तर ४५०० भागिले ५०००, म्हणजे नऊशे ग्रॅमचे भाडे पडते. खोके जरा मोठे झाले की एक किलोची पायरी ओलांडते आणि भाडे वाढते. म्हणून खोकी छापण्यापूर्वी टपालाचा आणि कुरियरचा दर समोर ठेवावा. भारतीय टपाल खात्याचा स्पीड पोस्ट सन १९८६ पासून चालू आहे. सन २०२५ मध्ये जुने रजिस्टर टपालही त्यातच सामावले आहे. खेड्यापाड्यांतील पत्त्यांसाठी टपाल खात्याइतकी पोहोच दुसऱ्या कोणाची नाही.

माल दारात आल्यावर पैसे देण्याची सवलत ठेवावी की नाही, हा नाजूक प्रश्न आहे. त्यामुळे मागण्या वाढतात हे खरे. परंतु गिऱ्हाइकाने दार उघडले नाही तर जाण्याचे आणि येण्याचे अशी दोन्ही भाडी आपल्या माथी पडतात. निदान आरंभी काही रक्कम आगाऊ घ्यावी. चपलेच्या धंद्यात परत येण्याचे मोठे कारण म्हणजे माप. बंधूंनी यावर सोपा उपाय काढला आहे. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कड काढावी, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी मोजून कळवावी, असे ते चित्रासह सांगतात. तेव्हापासून परत येणारे जोड कमी झाले. कोणत्याही किमती साधनाने जे झाले नसते ते एका कागदाने झाले.

६. यादी आणि वही

आमच्या दुकानाचे खरे नुकसान खोक्यांचे नव्हते. एकदा आपला जोड पायात घालून समाधान पावलेली जी माणसे होती, त्यांच्यापर्यंत पुन्हा पोहोचण्याचा मार्ग बुडाला. नवे गिऱ्हाईक मिळवायला जाहिरात लागते. जुन्या गिऱ्हाइकाला दसऱ्याला चार ओळींचे पत्र पुरते. म्हणून ही यादी धंद्याचे भांडवल समजावी.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला यादी उतरवून घ्यावी. एक प्रत संगणकात, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक दुकानाबाहेर दुसऱ्या घरी किंवा ऑनलाइन साठवणीत ठेवावी. सन २०१९ आणि सन २०२१ च्या महापुरांत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांच्या काठी पाणी घराघरांत शिरले, तेव्हा एकाच कपाटात असलेल्या वह्यांचे काय होते हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको.

ही यादी आपल्या विश्वासावर दिलेली आहे, हेही विसरू नये. सन २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा नसता तरी गिऱ्हाइकाचा पत्ता व फोन दुसऱ्याला विकणे हा विश्वासघातच ठरला असता. मालासाठी जेवढी माहिती लागते तेवढीच विचारावी.

७. भाषा

आपल्या भागातील दुकानात मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषा एका तासात ऐकू येतात. संकेतस्थळावरही तसेच असावे. निदान मराठी, कन्नड आणि इंग्रजीत प्रत्येकी एक पान तरी असावे. साधन निवडताना ते या लिपी नीट दाखवते का, आणि गिऱ्हाइकाला जाणारे बिल व संदेश आपल्या लिपीत देते का, हे स्वतः एक खोटी मागणी नोंदवून पाहावे.

मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला असावा. छापखान्यातील जुन्या पद्धतीच्या अक्षरांतला मजकूर तसाच चढवला, किंवा मजकुराचे चित्र करून लावले, तर डोळ्यांना तो दिसतो पण शोधणाऱ्याला सापडत नाही. गावाचे नावही दोन्ही प्रकारे लिहावे. इंग्रजीत चिकोडी एका 'के'ने लिहितात आणि दोन 'के'नेही. निपाणीचे 'पी'चे तसेच. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. शोधणारा कोणते रूप लिहील हे आपल्या हाती नाही, म्हणून पत्त्याच्या पानावर सर्व रूपे असावीत.

८. कायद्याच्या चार गोष्टी

आपण सीमेवर राहतो. कागल किंवा गडहिंग्लजचे गिऱ्हाईक आपल्याला शेजारचे वाटते, पण जीएसटीच्या दृष्टीने तो माल परराज्यात गेला. राज्याबाहेर माल विकणाऱ्याला नोंदणीचे नियम निराळे आहेत आणि उलाढाल लहान आहे एवढ्यावर भागत नाही. मोठ्या विक्रीमंडपातून विकणाऱ्यालाही स्वतंत्र नियम आहेत. म्हणून स्थळावर "सर्वत्र घरपोच" असे लिहिण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

खाद्यपदार्थ विकणाऱ्याने अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी घ्यावी आणि तिचा चौदा आकडी क्रमांक दाखवावा. बंद पाकिटातील मालाचे निव्वळ वजन, कमाल किंमत आणि तयार करणाऱ्याचे नाव स्थळावरही दिसले पाहिजे. ऑनलाइन विक्रीसंबंधी सन २०२० चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात, की विक्रेत्याने आपले नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचे नाव द्यावे, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी आणि एका महिन्यात निकाल लावावा. गिऱ्हाइकाचे समाधान करणे ही आपल्या जुन्या पेठेची रीतच आहे. आता ती लेखी झाली एवढेच.

कोल्हापुरी चपलेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. सन २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगावी, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे आठ जिल्हे त्यात आहेत. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या कारागिराचा या नावावर पूर्ण हक्क आहे. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी आणि तो क्रमांक स्थळावर लावावा. सन २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा या मोठ्या पेढीने मिलान शहरातील प्रदर्शनात आपल्या चपलेसारखी पादत्राणे दाखवली, आणि मूळ कोणाचे ते सांगितले नाही. गदारोळ झाल्यावर तिने हे भारतीय परंपरेतून घेतल्याचे मान्य केले. त्या दिवसांत ज्याला खरी चपल हवी होती, तो कारागिराला शोधू लागला असेल तर त्याला कोण सापडले असेल? ज्याचे स्वतःचे नाव आणि पत्ता होता तोच. परंपरेचे नाव सगळ्यांचे असते. दुकानाचे नाव मात्र ज्याचे त्याने जपायचे असते.

९. अभ्यास

पाठ संपला की अभ्यास द्यावा, ही माझी जुनी सवय. ज्यांचे संकेतस्थळ आहे, त्यांनी आज रात्री एका वहीच्या पानावर पुढील उत्तरे लिहावीत.

नाव कोणाच्या नावाने नोंदले आहे? मुदत कोणत्या तारखेला संपते? नूतनीकरणाची रक्कम किती? सूचना कोणत्या ई-मेलवर आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? जागेचे भाडे कोणाला आणि कधी द्यायचे? गिऱ्हाइकांची यादी शेवटची कधी उतरवली? ही सेवा उद्या बंद पडली तर किती दिवसांत दुसरीकडे दुकान मांडता येईल?

एकाही प्रश्नाचे उत्तर "त्या मुलाला माहीत आहे" असे आले, तर उद्या सकाळी त्या मुलाला चहाला बोलवावे. रागावू नये, त्याचे आभार मानावेत, योग्य मजुरी द्यावी आणि त्याच्या समोर बसून किल्ली आपल्याकडे करून घ्यावी. आज तो जवळ आहे तोवर हे काम अर्ध्या तासाचे आहे.

ज्यांचे स्थळ अजून नाही, त्यांनी घाई करू नये. आधी स्वतःच्या नावाने पत्ता घ्यावा, नकाशावर नोंद करावी, फोनवर मागण्या घ्याव्यात आणि वही लिहावी. सहा महिन्यांची वही हाती आली की कोणते साधन घ्यायचे हे ती वहीच सांगेल.

बंधूंनी पुढे नवे नाव घेतले, स्वतःच्या नावाने आणि दहा वर्षांच्या मुदतीने. त्याचे पान रोजमेळाच्या वहीत पहिलेच आहे, आणि पासवर्डची चिठ्ठी बंद पाकिटात वहिनींच्या कपाटात आहे. जुन्या तीनशेंवर गिऱ्हाइकांपैकी ज्यांचे पत्ते टपालाच्या पावत्यांवरून मिळाले, त्यांना आम्ही हाताने पत्रे लिहिली. काहींची उत्तरे आली. पुण्याच्या ज्या गृहस्थांनी तो फोन केला होता, त्यांनी दोन जोडांची मागणी पाठवली आणि खाली लिहिले, की पत्ता पुन्हा बदलू नका. बदलणार नाही, असे बंधूंनी त्यांना कळवले आहे.